सी. एस. सरांची खुर्ची

आमी मूळचे खाडीकडचे, कोकणी मुसलमान, पन माझा आजा बायकोशी भांडून का होडीवाल्याशी भांडून ते कोनाला धड ठाऊक नाय, वर घाटाच्या पायथ्याला आला आनि चौकला ऱ्हायला. धंदा काय काढला, तर लग्नात गॅसबत्त्या भाड्यानं द्यायच्या. मंग वीज आली, बत्त्या गेल्या, तवा माझ्या बापानं खुर्च्या घेतल्या, आनि मी माइक घेतला. म्हंजे बघ, आज्यानं उजेड दिला, बापानं बसायला दिलं आनि मी आवाज दिला. हे मी आता बोलतो हां, तवा असलं काय सुचायचं नाय. तवा फकस्त खुर्च्या मोजायच्या आनि दोन कमी भरल्या की बोंबलायचं.

लोधिवलीपासून पार कर्जत-भिसेगावपर्यंत कोनालापन विचार, गफूर मंडपवाला म्हनून सांगतील. लग्न, बारसं, दहावं, उरूस, गनपती, सगळीकडं त्याच खुर्च्या. आमच्या खुर्च्या कोनाची जात इचारत नायत, फकस्त वजन इचारतात.

तू ते तत्त्वज्ञान घेतलंस ना गं कॉलेजात? तुझा बाप आलता परवा, बोलला, चाचा, पोरगी इचार करायला शिकतेय, त्याची नोकरी कुठं लागते? मी बोललो, लागत नाय रं बाबा, हाय ती सुटते. हसू नको, माझी सुटली. तेच सांगतो, लिहून घे.

हायवेच्या अंगाला ती कंपनी हाय ना, मोठी. काय बनवते ते मला आजून कळलेलं नाय, पन वाटते खूप. दप्तरं वाटते, डबे वाटते, झाडं वाटते, एकदा तर हात धुवायचा साबन वाटला आनि हात कसे धुवायचे ते पन शिकवलं, आमच्या म्हाताऱ्या-म्हाताऱ्या बाया रांगेत उभ्या राहून हात धुवायला शिकल्या. आनि प्रत्येक वाटपाला मंडप माझा, माइक माझा. आता तूच बघ, पावसाळ्यात लग्नं नसतात, तवा मंडपवाल्याला कुत्रं इचारत नाय. कंपनी इचारायची. शाळा जूनमधी सुरू होतात ना, सगळी वाटपं पावसात. आमची चूल चार महिने कंपनीवर पेटायची, खोटं कशाला बोलू.

तर त्या कार्यक्रमांना कंपनीची एक मॅडम यायची, रिद्धी मॅडम, पोरगीच, पुन्याची, सभावानं गोड. ती माइकवर काय बोलायची, हे सगळं सीएसआरमुळं झालं. मानसं काय मागायला गेली की बोलायची, सीएसआरकडं पाठवते, सीएसआरमधी बसलं तर बघू. आनि मी माइकच्या डब्यामागं बसून काय ऐकायचो? सी. एस. सर.

आठ वर्सं गं. आठ वर्सं मी समजत होतो की कंपनीत कोनीतरी सी. एस. सर हाय, मोठा दिलदार मानूस, पैसा त्याचा पन पुढंपुढं करत नाय. मी मनात त्यांचं चित्र पन काढलेलं. बारीक अंगाचे, चष्मा, सफारी. आनि साखरेचा आजार, त्याबिगर का कार्यक्रमाला येत नायत, लोक पेढे भरवतात ना. सी म्हंजे चंद्रकांत, एस म्हंजे सदाशिव, हे पन मीच ठरवलं. जुबेदा, माझी बायको, ती इचारायची, पोरंबाळं हायत का त्यांना? मी बोलायचो, नसतील, म्हनून तर वाटतात. शुक्रवारच्या नमाजाला मी त्यांच्यासाठी दुआ मागायचो, काय सांगू तुला, या अल्ला, सी. एस. सरांची साखर खाली आन.

आता चांगूनाना. वरच्या ठाकरवाडीतला जुना मानूस, मंडपाला बांबू लागले की मी त्याच्याकडूनच आनतो. त्यांची वाडी एका अंगाला, शाळा दुसऱ्या अंगाला, मधी ओढा. पावसात ओढा भरला की शाळा बंद. पोरं बुडू नयेत म्हनून शाळा बुडवायची, असा हिशेब. तर नानाला साकव पायजे होता. मोठा पूल नाय गं, गाडी जायला नको, साकव, मानूस चालत पलीकडं जाईल येवढाच. त्यानं मास्तरकडून अर्ज लिहून घेतला आनि मला इचारलं, कोनाच्या नावानं देऊ? मी लय शहाना. मी बोललो, दे की सी. एस. सरांच्या नावानं.

पहिल्या वर्साला अर्ज दिला, वाडीला दप्तरं आली. दुसऱ्या वर्साला दिला, पान्याच्या बाटल्या आल्या. तिसऱ्या वर्साला दिला, निरोप आला, रेनकोट येतायत. नाना माझ्याकडं आला, बोलला, गफूर, सर चांगला मानूस हाय पन त्याला वाचताना कायतरी चूक होते. मी बोललो, चष्मा बदलायला झाला असंल. नाना बोलला, तसं नको, ह्या खेपेला सरांनाच बोलवू, मान देऊ, हातात अर्ज देऊ आनि ओढा दाखवू.

मॅडमला नानानं सांगितलं, सरांना घेऊन या. मॅडमला वाटलं मोठ्या साहेबांना बोलावतायत, कारखान्याचे साहेब, ती बोलली हो हो, सर येनार हायत. झालं. वाडीत अशी धांदल की लगीन असावं. बायांनी रानफुलांचा हार केला, नानानं मधाची बाटली आनली, आनि मी काय केलं, नवरदेवाची लाल मखमलीची खुर्ची नेली. टेंपो ओढ्यापर्यंतच जातो, तिथून ती खुर्ची मी डोक्यावर घेऊन गुडघाभर पान्यातून गेलो, वरून बारीक पाऊस. खुर्चीला पाटी लावली, मा. श्री. सी. एस. सर. श्री मी माझ्या मनानं लावला.

कंपनीची मानसं आली, पँटी वर करून, बूट हातात घेऊन. मोठे साहेब स्टेजवर चढले आनि सरळ मखमलीच्या खुर्चीकडं. नाना आडवा झाला. नाय साहेब, ती सरांची, तुमी हिकडं बसा. साहेब बसले पलास्टिकच्या खुर्चीवर. मी नानाच्या हातात माइक दिला, स्वागताला. नाना बोलला, राम राम, सर आले की सुरू करू. पाच मिन्टं झाली, दहा झाली. साहेब मॅडमकडं बघतायत, मॅडम नानाकडं, नाना पायवाटेकडं. शेवटी मॅडमनं पाटी वाचली.

मंग काय इचारू नको. मॅडमनं तोंडावर हात ठेवला, साहेबांना कानात सांगितलं, साहेब असे हसले की डोळ्यांतून पानी. मॅडम बोलली, अहो नाना, सीएसआर म्हणजे माणूस नाही हो, ती कंपनीची समाजाबद्दलची जबाबदारी असते, इंग्रजीत तिला सीएसआर म्हणतात. सगळी हसली, मी पन हसलो. आठ वर्सं मी दुआ मागितली, ती कोनाला लागली असंल? कोनाची साखर उतरली?

नाना नाय हसला. माइक हातात होताच त्याच्या. तो बोलला, मंग बाय, आमचा अर्ज कोनी वाचला?

मॅडम बोलली, तो कंपनीकडे गेला नाना. नाना बोलला, कंपनी म्हंजे कोन, तुमी? ती बोलली, नाही, मी तर नोकरी करते. मंग साहेब? साहेब बोलले, मी पण नोकरच आहे, वरती बोर्ड ठरवतो. नानानं वर बघितलं, तिथं माझा बोर्ड होता, गफूर मंडप डेकोरेटर, आमचे येथे भांडीही मिळतील. नाना बोलला, ह्यो ठरवतो? साहेब बोलले, तो नव्हे, संचालकांचा, आणि त्यांच्यावर शेअरवाले असतात. ते कुठं राहतात? सगळीकडे. आता बघ, एकेक जन मागं सरकतोय, जबाबदारी हाय, सगळ्यांना कबूल हाय, पन तिला बसायला खुर्ची दिली तर बसायला कोन नाय.

तेवढ्यात मॅडमनं माझ्याकडं बघून हळूच हात केला. चाचा, माइक बंद करा.

पोरी, माझं बोट बटनावर होतं. तुला सांगतो, त्या घडीला मी इचार केला. आयुष्यात पहिल्यांदा केला असंल. मला वाटलं, बंद करतो, आपलं काय, सांगनारी मॅडम, आपन माइकवाला. आनि लगेच वाटलं, अरे, हे तर मी आताच ऐकलं, मॅडम पन हेच बोलली, साहेब पन हेच बोलले, मी नोकर, मी नोकर. मी पन मागं सरकतोय की! पन माझ्या मागं कोन? माझ्या मागं तर पडदा हाय, त्याच्या मागं ओढा. हुकूम मॅडमचा असंल, बोट कोनाचं हाय? आनि त्याच वक्ताला पावसाळ्याचे चार महिने डोळ्यासमोर, जुबेदाचं तोंड डोळ्यासमोर.

मी बोललो, मॅडम, बटन अडकलंय.

ती बोलली, मग वायर काढा. मी बोललो, वायरला हात लावला तर शॉक बसंल, वल हाय. खोटं बोललो. एकाच इचारात दोन खोटं. तुमच्या पुस्तकात बसतं का ते मला ठाऊक नाय.

नाना माइकवर बोलतच होता, आवाज पार डोंगराला लागून परत येत होता. काय जास्त नाय बोलला, त्यानं कनवटीचा अर्ज काढला, बोलला, कोनीतरी वाचा, कोनीपन वाचा, मला वाचता येत नाय. साहेबांचं काय झालं देव जाने, ते उठले, अर्ज घेतला आनि माइकवर वाचला. मास्तरनं लिहिलेलं, सर, आपन आमचे मायबाप, आपन दिलेल्या दप्तरात पुस्तकं कोरडी ऱ्हायली, बाटलीत पानी चांगलं ऱ्हातं, पन ओढा आहे तिथंच आहे, येवढा एक साकव द्या.

नाना बोलला, वाचलात ना? मंग बसा आता हितं. आनि मखमलीची खुर्ची पुढं केली. साहेब नको नको बोलत होते, त्यांना ठाऊक होतं त्या खुर्चीवर बसलं म्हंजे काय, पन बायांनी हार घातलापन. बसावं लागलं. नवरदेवापेक्षा जास्त घाबरलेले. त्या दिवसापास्न वाडीत त्यांचं नाव सी. एस. सर.

साकव झाला गं. पुढच्या पावसाच्या आधी. लोखंड-सिमेट कंपनीचं, हात वाडीचे.

आनि माझं काम गेलं. दुसऱ्या पार्टीला दिलं, पनवेलची, त्यांच्या खुर्च्यांना पांढरी कापडं असतात. मला कोन रागावलं नाय, फोन आला नाय येवढंच. तो पावसाळा कसा काढला ते जुबेदाला इचार. ती बोलायची, साकव वाडीचा झाला, ओढा आपल्या घरात आला. मी जेवताना इचार करायला लागलो की ताट उचलते, बोलते, आधी जेव, मंग सुकरात हो, तुमच्या पुस्तकातला तो सॉक्रेटिस गं.

तर आता ऐक, परवाची गोष्ट. मॅडमचा फोन. दोन वर्सांनी. बोलली, चाचा, पनवेलवाले पावसात वाडीला यायला नाही म्हणतात, पुढच्या गुरुवारी कार्यक्रम आहे, येता का? मंग बोलली, ते बटन दुरुस्त केलंत का? जुबेदा समोर उभी, मान हलवून सांगतेय, हो बोल, हो बोल. मी बोललो, नाय मॅडम, ते तसंच हाय, आता ते दुरुस्त व्हायचं नाय. मंग मॅडम बोलली, बरं, निदान आवाज जरा कमी ठेवा.

ठेवीन की. तेवढा माझ्या हातात हाय. गुरुवारी पाऊस नको म्हनून दुआ कर, आनि शीक पोरी, खूप शीक, अल्ला तुला पोटापान्याला लावो. चहा पी, निवला बघ.