मधला खड्डा

(येरमाळ्याच्या बाजूचं एक गाव, १९६०. वनमहोत्सवाची सकाळ. ओढ्याकाठच्या गायरानात श्रमदानाचे खड्डे तयार आहेत. झाडं लावणाऱ्या मंडळींचा पुढारी दगडोबा काठावर उभा आहे. वीस वर्षांचा नबीलाल एका खड्ड्यात.)

दगडोबा : पुन्यांदा सांगतो नबी, त्यो खड्डा बुजव.

नबीलाल : आन् म्या बी पुन्यांदा इचारतो काका, का?

दगडोबा : तहसीलदारसाहेब यायला तास न्हाय राहिला. बुजव म्हणलं की बुजवावं.

नबीलाल : काल दोरी तुमीच धरली. सहा खड्डे बरोब्बर आखले, आन् सातव्याला बैलगाडी जाईल एवढी जागा सोडली मधी. पोरं तोंड दाबून हसली. म्या म्हणलं, काकांची नजर कमी झाली आता. साहेबापुढं गावाची शोभा नको, म्हणून सकाळी एकटा आलो आन् मधी हा खड्डा खांदला. काय गुन्हा केला?

दगडोबा : तुला कुणी सांगितलं हुतं?

नबीलाल : श्रमदानाला कुणी सांगावं लागतंय व्हय?

दगडोबा : तू आधी वर ये. पाय काढ त्यातनं.

नबीलाल : कारण सांगा, येतो. पाच सालं झाली तुमच्यासंगं झाडं लावतोय. वरच्या अंगाचे लिंब घागरीनं पाणी घालून म्या जगवले. आज माझा एकट्याचा खड्डा नडतोय. वाड्यावरच्या आण्णासाहेबाच्या पोरानं खांदला असता तर बुजव म्हणला असता?

दगडोबा : तसलं काय बी मनात आणू नगंस.

नबीलाल : मग काय आणू?

दगडोबा : म्या शब्द दिलाय एकाला. त्यो मोडता येत न्हाय.

नबीलाल : कुणाला?

दगडोबा : ते बी सांगता येत न्हाय.

नबीलाल : असं हाय का. मग अजून हातभर खोल करतो. बघू कोण आडवतंय.

दगडोबा : टिकाव खाली ठेव, नबी. तुझ्या पाया पडतो म्या.

नबीलाल : तुमी? थोरल्या माणसानं असं बोलू नये, काका.

कुलसुमबी : (नबीलालची आई, भाकरी घेऊन येत) वेशीपतूर आवाज येतोय तुमचा. पोटात सकाळपासनं भाकर न्हाय, आन् भांडायला मातूर जोर हाय ह्या पोराला. घे, खाऊन घे... नबी. तू कुठं हुबा हायस?

नबीलाल : अम्मा, तूच इचार ह्यांना.

कुलसुमबी : वर ये.

नबीलाल : तू बी तेच?

कुलसुमबी : वर ये, बेटा. आधी वर ये. दगडोबाभाऊ, तुमी तर म्हणला हुता, तेवढी जागा सोडीन.

दगडोबा : सोडली हुती भाभी. हे सकाळी येऊन मधीच खांदंल, मला काय ठावं?

नबीलाल : म्हंजी दोघांना बी ठावं हाय. हा आलो वर. आता बोला, कसली जागा?

कुलसुमबी : सांगा त्याला.

दगडोबा : म्या? बारा वर्सं झाली, भाभी.

कुलसुमबी : माझ्या तोंडातनं निघत न्हाय. तुमीच सांगा.

दगडोबा : नबी... तुझा बाप हैदराबादला गेला न्हाय.

नबीलाल : गेला. पोलीस ॲक्शनच्या साली गेला, म्या आठ सालाचा हुतो. आमाला टाकून गेला, तिकडं दुसरं घर केलं असंल. त्याचं नाव निघालं की आज बी माझ्या अंगाची आग हुती.

दगडोबा : खाजामियाँनं ओढा बी वलांडला न्हाय. निजामाचा राग मुसलमानांवर काढत बाहेरगावची टोळी आली हुती, तिनं इथंच गाठला. म्या बैलांला पाणी पाजायला आलो तवा दिसला. तुमचं कबरस्तान गावाच्या पल्याडच्या अंगाला. गावातनं न्यायची कुणाची छाती न्हवती. माझी बी न्हवती, खोटं कशाला बोलू? तुझी आई आन् म्या, दोघांनीच माती दिली. तोंड काब्याकडं करायचं तिनं सांगितलं, मला त्यातलं काय कळतंय. वर दगड ठेवू म्हणलो, तर नगं म्हणली.

कुलसुमबी : दगड बघून तू इचारलं असतंस. कुणी मारलं म्हणून इचारलं असतंस. ह्याच गावात तुला वाढवायचं हुतं मला. मनात राग घेऊन वाढलेला पोरगा मला नको हुता.

नबीलाल : राग कुठं चुकला, अम्मा? बारा सालं त्याच्यावरच काढला म्या.

कुलसुमबी : व्हय. तू त्यांना शिव्या दिल्यास, आन् मी चुलीपुढं बसून ऐकल्या. ती चूक माझीच.

नबीलाल : काका, किती खोल ठेवलंय त्यांना?

दगडोबा : छातीइतकं.

नबीलाल : म्या गुडघ्याइतकंच खांदलंय.

दगडोबा : व्हय रे बाबा. धक्का न्हाय लागला.

नबीलाल : खोरं नगं. हातानंच लोटतो माती. तू बस, अम्मा.

दगडोबा : जीपचा आवाज येतोय. भाभी, घाबरू नगा. साहेबानं इचारलं, मधी जागा का सोडली, तर खडक लागला म्हणून सांगतो म्या.

कुलसुमबी : व्हय. तसंच सांगा.

नबीलाल : खडक नगा म्हणू, काका. आमचे अब्बा हायेत म्हणून सांगा.