काळ्या पडद्यावर दोन ओळी

जोॲना : नाही तात्या, तसं चालत नाही. कॉम्प्युटरमध्ये जुनी सिस्टीम आधी घालायची, नवीन नंतर. उलटं केलं तर जुनं नव्याला ओळखतच नाही. मशीनमध्ये आपल्याशिवाय कोणी राहतच नाही, असं समजून सुरू होतं.

तात्या : मग आमच्या वैभवने काय केलं होतं?

जोॲना : तुमच्या भाच्याने जुनं सरळ पुसलं आणि त्याच जागी नवीन टाकलं.

तात्या : पोरगा वाईट नाही गो. हात फक्त जास्त वेगाने चालतो. आमच्या श्रेयाने टोरँटोहून त्याला फोन केला, आईला मोठ्या पडद्यावर बघायचंय म्हणाली. हा संध्याकाळी कॅमेरा घेऊन दारात. मी चहा गाळेपर्यंत सगळं बदलून मोकळा.

जोॲना : म्हणून मी पाटी कोरी करून पहिल्यापासून घातलं. डिस्कचे दोन भाग केलेत. एकात नलूआंटींचं जुनं, पत्त्यांच्या खेळासकट. त्यात इंटरनेट बंद ठेवलंय, तेवढं जुनं आता बाहेर फिरवण्यासारखं नाही. दुसऱ्या भागात नवीन, कॅमेऱ्याचं. मशीन चालू केली की काळ्या पडद्यावर दोन ओळी येतील. वरची जुनी, खालची नवीन. श्रेयाशी बोलायचं असेल तेव्हा बाणाने खाली या आणि एंटर मारा. काहीच केलं नाही तर थोडं थांबून जुनं आपोआप सुरू होईल.

तात्या : आणि मागचं चित्र? हिरवी टेकडी, वर ढग?

जोॲना : तेच आहे.

तात्या : ती टेकडी आमच्या कणकवलीची, माहीत आहे? एक गोरा आला होता फोटो काढायला. टेकडीवर आमची गाय चरत होती. त्याने टेकडी ठेवली आणि गाय खोडली. माझ्या वडलांनी दोन दिवस शोधली.

जोॲना : तात्या.

तात्या : बरं, एक दिवस.

जोॲना : तुम्ही माझ्या पप्पांना पण असंच फिरवायचात. रूपर्टला भोळा समजून.

तात्या : तुझा बाप भोळा? मी क्रेनवर वर बसलेला, तो खाली उभा राहून हाताने खुणा करणारा. आख्ख्या गोदीत मला खाली-वर करायला लावणारा तो एकटा. आमची नलू सोडून.

जोॲना : एक विचारू? खाली जिन्यात अंबिकाबाई भेटल्या. म्हणाल्या, नलूला बाहेर जायला न देणारी काही मशीन बसवायला आलीस काय.

तात्या : अंबिकेला दुसरं काम नाही. तिचं तोंड एवढं चालतं की दोरी बांधून गोदीतली बोट ओढता येईल.

जोॲना : श्रेया मला फोनवर म्हणाली की आईला तिचा पत्त्यांचा खेळ परत हवाय. बाहेर जाण्याचं काही बोलली नाही. आंटी कुठे गेल्या होत्या?

तात्या : हळू बोल. आत झोपली आहे.

जोॲना : बोला.

तात्या : काय बोलू? दुपारची झोप झाली की ही उठते, तोंड धुते, ह्या खुर्चीवर बसते आणि बटण दाबते. रिटायर झाल्यापासून तेच. हॉस्पिटलच्या ऑफिसात टायपिस्ट होती, बोटांना काम लागतं. अलीकडे बाकीचं सगळं सुटत गेलं. गॅस, किल्ली, नावं. पण ही खुर्ची आणि ती टेकडी नाही सुटली. वैभवने बदललं त्याच्या दुसऱ्या दिवशी ही बसली, बटण दाबलं. कसलेतरी निळे चौकोन आले. ती बघत राहिली. मग उठली, पदर सारखा केला आणि मला म्हणाली, तुमच्याकडे खूप वेळ बसले, आता घरी जाते, आई वाट बघत असेल.

जोॲना : मग?

तात्या : मला वाटलं, गंमत करते. मी म्हटलं, बरं, जा, आईला नमस्कार सांग. आणि पेपर वाचत बसलो.

जोॲना : तात्या...

तात्या : काळाचौकीला मंडळाच्या पोरांना सापडली. गिरगावला जाणारी बस विचारत होती. तिचं माहेर गिरगावात. त्या चाळीच्या जागी आता टॉवर आहे, ते सोड. स्वप्नील म्हणून एक आहे, त्याने मोटारसायकलवर बसवून आणली. ही उतरली, त्याला थँक यू म्हणाली आणि मला म्हणाली, ह्यांनी चुकीच्या घरी आणलं.

जोॲना : श्रेयाला माहीत नाही?

तात्या : श्रेयाला काय सांगायचं ते मी बघतो.

जोॲना : तुम्ही तिला काय सांगता ते तिने मला सांगितलंय. आधी म्हणालात, कॅमेरा कावळ्याने पळवला.

तात्या : कावळे नेतात गो. घरट्याला शोभा.

जोॲना : नंतर म्हणालात, समुद्राखाली इंटरनेटची जाड वायर आहे, तिला कुठल्या तरी बोटीचा नांगर लागला आणि त्या बोटीचा कप्तान तुमच्या ओळखीचा, त्याला तुम्ही झापलं.

तात्या : हे तिला पटलं होतं.

जोॲना : नाही पटलं. तुमच्यापुढे नुसती हसली. मला म्हणाली, घरी जाशील तेव्हा आई कशी आहे ते बघ आणि खरं सांग.

तात्या : तिच्याशी नलू फोनवर बोलते की.

जोॲना : "हो, बरी आहे, जेवले" एवढंच बोलते. मग फोन तुम्ही घेता.

तात्या : तुझं काम झालं असेल तर एक विनंती होती. ती खालची ओळ दिसलीच नाही तर? नवीन राहू दे आत. पण पडद्यावर यायला नको. सरळ टेकडी. जमतं ना असं?

जोॲना : जमतं. थांबण्याची वेळ शून्य केली की ओळी येतच नाहीत. पण मग नवीन असून नसल्यासारखं. आणि श्रेयाला मी काय सांगू?

तात्या : सांग, मशीन जुनी झाली, दोन्ही एकदम झेपत नाहीत.

जोॲना : म्हणजे खोटं मी बोलू.

तात्या : माझ्यावर आता कोणाचा विश्वास नाही, म्हणून तुला सांगतोय.

जोॲना : तुम्हाला भीती कसली आहे? ती आईला नेईल ह्याची?

तात्या : नेईल, नाहीतर कुठल्या संस्थेत ठेवू म्हणेल, नाहीतर तिथली नोकरी सोडून इथे येऊन बसेल. तिन्ही वाईटच. पण खरं सांगू, ते एवढं नाही.

जोॲना : मग काय?

तात्या : तुझ्या बापाने तुला हत्तीची गोष्ट सांगितली होती?

जोॲना : क्रेनने सर्कसचा हत्ती उचललात ती? पप्पा म्हणायचे, हत्ती नव्हता, मस्कतला चाललेली म्हैस...

तात्या : तू नको टोकू. तो हक्क तुझा नाही. लग्न झाल्यापासून जो पाहुणा आला त्याला मी ती गोष्ट सांगितली, आणि हत्ती वर गेला, त्याने सोंडेने माझी टोपी काढली, इथपर्यंत आलो की स्वयंपाकघरातून हिचा आवाज यायचाच. "हत्ती नव्हता, म्हैस होती. आणि टोपी वाऱ्याने गेली." लोक हसायचे ते माझ्या गोष्टीला नाही, तिच्या त्या एका वाक्याला. मी हत्ती आणायचो तो तिच्यासाठीच.

जोॲना : आता नाही टोकत?

तात्या : गेल्या गणपतीपासून नाही. मी हत्ती दोन केले, तरी नाही. जिराफ आणला. म्हटलं, ह्यावर तरी बोलेल. पोळी लाटत बसली.

जोॲना : आणि श्रेयाला?

तात्या : श्रेयाला फोनवर सांगतो, थांब, तुझी आई ओरडतेय, म्हणतेय जिराफ नव्हता. ती तिकडे हसते. अजून एक जागा आहे ना गो, जिथे नलू मला टोकते. एवढ्या लांब आहे, पण आहे. कॅमेरा लावला की तीही गेली.

जोॲना : हळू, तात्या. आत पाणी वाजतंय. उठल्या वाटतं.

तात्या : ओळी आल्या तर घाबरेल काय?

जोॲना : मला माहीत नाही. बघू या.

(नलू तोंड पुसत आतून येते, खुर्चीवर बसते, बटण दाबते.)

नलू : तुम्ही कधी आलात? चहा घेतलात का?

जोॲना : घेतला आंटी. मी जोॲना, माहीमची. रूपर्टची मुलगी. तुमचा कॉम्प्युटर बघायला आले.

नलू : बसा हं. हे काळं का झालं?

तात्या : नलू, त्या नुसत्या ओळी आहेत. दोन. काही करू नकोस.

नलू : मी कुठे काय करतेय. थांबतील नि जातील. ऑफिसात आमचे साहेब असेच दाराशी उभे राहायचे, आत यायचं की नाही ते ठरवत.

जोॲना : आता येईल आंटी.

नलू : येऊ दे. मला घाई नाही. हं, आलं. आलं हो. किती दिवसांनी आले मी इथे.

तात्या : जोॲना, तुला ते सांगायचं राहिलं. आम्ही एकदा क्रेनने हत्ती उचलला होता.

जोॲना : तात्या, आत्ता नको.

तात्या : ऐक गो. सर्कस बोटीने आली होती. हत्तीच्या पोटाखालून पट्टे घातले. खाली तुझा बाप हात वर करून उभा, उचल, उचल. मी उचलला. सगळी गोदी काम टाकून वर बघतेय. हत्ती पार माझ्या केबिनच्या खिडकीशी आला, डोळ्यासमोर डोळा. आणि त्याने हळूच सोंड आत घातली आणि माझ्या डोक्यावरची टोपी काढून घेतली.

नलू : अय्या.

तात्या : हो.

नलू : मग?

तात्या : मग काय.

नलू : का थांबलात? छान सांगता तुम्ही. पुढे काय झालं?

तात्या : पुढचं मला येत नाही.

नलू : असं कसं? गोष्ट तुमचीच ना?

तात्या : माझीच. पण इथपर्यंतच. इथून पुढे माझी बायको सांगायची.

नलू : मग त्यांना बोलवा की.

जोॲना : आंटी, तो लाल बदाम त्या काळ्यावर जातो बघा.

नलू : जातो, पण आत्ता नाही घालायचा. अडकून बसतो मग. तुम्हाला येत नाही वाटतं हा खेळ.

जोॲना : नाही आंटी. तात्या, इकडे या जरा. तुम्ही म्हणाल ते करते. शून्य करू?

तात्या : नको.

जोॲना : नक्की?

तात्या : राहू दे दोन्ही ओळी. ती घाबरली नाही, बघितलंस ना? मीच घाबरलो. फक्त जरा जास्त वेळ थांबू दे त्यांना. माझं बोट बाणावर जायला उशीर लागतो.

जोॲना : श्रेयाला मी काय सांगू?

तात्या : तू काही सांगू नको. मी करतो फोन. कावळा नाही, नांगर नाही. रविवारी आईच्या शेजारी बसतो, तिला सगळं बघू दे. म्हण तिला एवढंच, की घरून फोन येईल, तेव्हा हसायची तयारी ठेवू नको.

नलू : अहो, त्या हत्तीला खाली तरी उतरवलंत की नाही?

तात्या : हत्ती नव्हता, नलू. म्हैस होती. आणि टोपी वाऱ्याने गेली.

नलू : असं होय.

तात्या : हो.

नलू : हत्तीच असू दे ना. बरा वाटत होता.