पाहुण्यांचा गेटवे

मुलुंड स्टेशनबाहेर बसच्या रांगेत माझ्यापुढे साठीतलं एक जोडपं उभं होतं.

“मालन, पाय दुखतायत का गं?”

“दुखू देत. अहो, लाँचमधून गेटवे काय झकास दिसतो! तीस वर्षं मुंबईत राहून आज बघितला.”

“मी गावच्या पाहुण्यांना घेऊन वीसदा तरी गेलो असेन.”

“आणि मी घरी त्यांच्यासाठी वडे तळत बसायचे.”

“कधी बोलली नाहीस.”

“तुम्ही कधी विचारलंत?”

“आज विचारलं ना! बरं, दिवाळीत गावाहून पुतण्या येतोय, विशाल, बायकोपोरांना घेऊन.”

“येऊ दे की. लाँचमध्ये कुठे बसायचं ते मला कळलंय आता. मी फिरवते त्यांना. वडे तुम्ही तळा.”

“पुरीसारखे फुगले नाहीत तर?”

“चालतील. आम्ही दमून आलेले असू.”