काळजीची मोजणी आणि माझी नणंद

...आणि वर म्हणतात कसे, "अगदी मोकळेपणानं उत्तरं द्या हं, काकू!" मोकळेपणानं? अहो, नणंदेला समोर बसवून मोकळेपणानं? तुम्हाला सांगते, डोळ्यांचं झालं ते झालं, साखरेनं नेले, त्यावरून देवाशी माझं कडाक्याचं भांडण झालंय आणि आता मिटलंयसुद्धा. पण हे प्रश्न!

आमच्या वाल्पाराइसो बंदरगावात टेकडी उतरून गेलं की अंधांचं केंद्र आहे, तिथे मी काठी घेऊन चालायला शिकते. तर तिथे आली ती रायेन. मानसशास्त्र शिकणारी पोर, आवाज असा की गरम पावावर लोणी! म्हणाली, "एदेल्मिरा काकू, नजर गेलेल्या माणसांना चिंता किती वाटते, ते आम्ही मोजतोय." मी म्हटलं, मोज बाई, साखर मोजून झाली, रक्तदाब मोजून झाला, एवढंच राहिलं होतं! तर तिनं माझ्या हातात काय ठेवावं? कागद! छापील! अंधांच्या केंद्रात! मी उलटा धरला, सुलटा धरला, वास घेतला... ब्रेल म्हणाल तर साखरेनं बोटांची टोकंही बधिर करून ठेवलीत. "मग घरच्या कुणाकडून तरी वाचून घ्या ना," म्हणाली.

घरचं कुणीतरी! माझ्या घरी आहे कोण? आमचे हे गेले, आणि जाताना मागे आपली बहीण ठेवून गेले. ओर्तेन्सिया! तिनं चष्मा चढवला, घसा खाकरला आणि बंदरातल्या जहाजांनाही ऐकू जावं अशा आवाजात सुरू केलं, "प्रश्न पहिला! गेल्या पंधरवड्यात तुमची चिडचिड झाली का? कधीच नाही, अधूनमधून, बरेचदा, की रोजच?" आणि लगेच स्वतःच्या पदरचं, "कशाला होईल म्हणा, आयतं ताट समोर येतं!"

आता काय उत्तर देऊ, तुम्हीच सांगा! कधीच नाही, अधूनमधून, बरेचदा, रोजच... 'नणंद वाचतेय' असा पर्यायच नाही!

"कधीच नाही," म्हटलं मी.

"प्रश्न दुसरा! अंगाला थरथर सुटते का?" अगं बये, परवा भूकंपात अख्खी टेकडी थरथरली, कपाटातले कप थरथरले, शेजारचा वाल्देमार नुसत्या टॉवेलवर रस्त्यात येऊन थरथरत उभा होता, मग मी एकटी स्थिर कशी राहू? ही थरथर माझी की धरणीची, ते लिहायला जागा कुठाय? "आता काहीतरी वाईट होणार असं वाटतं का?" वाटतं की! आमच्या टेकडीच्या जिन्यावर कुत्रा झोपतो, रोज नव्या पायरीवर! "एकट्यानं बाहेर जाणं टाळता का?" टाळते! कोपऱ्यावरच्या गटाराचं झाकण कुणीतरी उचलून नेलंय! याला चिंता म्हणतात की अक्कल? पण नाही... कधीच नाही, अधूनमधून, बरेचदा, रोजच!

आणि दर प्रश्नाला हिची फोडणी! "झोप लागत नाही का? छे, घोरते की गं तू, फेरीबोटीसारखी!" मग मीही हट्टाला पेटले. कधीच नाही. कधीच नाही. कधीच नाही!

पुढच्या आठवड्यात रायेनचा फोन. "काकू, तुमचा आकडा शून्य आलाय."

"मग छानच की!"

"शून्य कुणालाच येत नाही हो. आमच्या सरांनाही अकरा आला." मग हळूच म्हणते, "घरात कुणी आहे का आत्ता?"

ओर्तेन्सिया पाव आणायला गेली होती. मी म्हटलं, विचार. तिनं विचारलं, "कसली भीती वाटते, काकू?" आणि तुम्हाला सांगते, काय झालं कुणास ठाऊक, बांध फुटावा तशी मी बोलत सुटले. म्हटलं, पोरी, डाव्या डोळ्यात अजून खिडकीएवढा उजेड उरलाय. सकाळी जाग येते, पण मी डोळा उघडत नाही. उशी चाचपते, पांघरूण चाचपते, उगाच वेळ काढते... उघडला आणि खिडकी नसली तर? लिही तू. रोजच. रोजच गं.

तेवढ्यात मागे कागदी पिशवी चुरचुरली.

पाव! म्हणजे ही कधीची येऊन उभी! मी मान खाली घालून टोमण्याची वाट बघत बसले. टोमणा येईना. मग माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि म्हणाली, "ए मुली, तेच प्रश्न मला विचार."

"तुम्हाला? पण तुम्हाला तर दिसतं ना..."

"म्हणून तर विचार म्हणतेय! रोजच, लिही. ही काठी टेकत जिना उतरते, तेव्हा मी खिडकीत उभी असते. वळणावर दिसेनाशी झाली की परत येईपर्यंत माझ्या घशाखाली चहा उतरत नाही. घालूनपाडून बोलते ते काय हौस म्हणून? हिच्याकडून उलट उत्तर आलं की कळतं, बाई अजून शाबूत आहे!"

मी पाव कापायला घेतला. सुरी सापडेना. तिनं हातात दिली. त्या संध्याकाळी आम्ही चहाबरोबर अवोकाडो कुस्करून खाल्ला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं मीठ जास्त झालं असं म्हटलं नाही. झालं होतं हो!

आता ऐका पुढची गंमत. रायेननं सगळे प्रश्न दोघींना नव्यानं विचारले आणि आकडे मांडले. माझा आला मधलाच, आणि ओर्तेन्सियाचा? छप्पर फोडून वर! केंद्रातल्या समुपदेशक बाईंकडे मन मोकळं करायला जागा उरली होती एकच. दिली कुणाला? जिला दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसतं तिला! बरं, ही एकटी जाईल तर शपथ! जिन्यावर छातीत धडधडतं म्हणे. मग दर बुधवारी पुढे मी काठी टेकत, मागे ही माझा खांदा धरून, "हळू गं, कुत्रा आहे, डावीकडे, डावीकडे!"

ती आत बसून तासभर रडते, कुणाच्या नावानं ते सांगायला नको. मी बाहेर बाकावर, तिचा कोट मांडीवर घेऊन. परवा दारातल्या नव्या बाईंनी माझी काठी बघितली, जवळ आल्या, फार मायेनं विचारलं, "आजी, तुमचा नंबर कितवा?"

म्हटलं, "माझा नंबर नाही हो बाई... मी पेशंटच्या सोबतीला आलेय."