स्मिताच्या नावाआधीचा शब्द

(साल १९८१, जून महिना. दिघ्याच्या वस्तीतलं घर. दहावी पास झालेल्या मुलांचा शाळेतला सत्कार आटोपून स्मिता, तिचे वडील शिवराम आणि आई गिरजाबाई नुकतेच परतले आहेत.)

शिवराम : पुन्हा म्हन बरं. सर माईकवर काय बोलले?

स्मिता : किती वेळा, आबा? 'ईवन स्मिता गॉट फर्स्ट क्लास.'

शिवराम : स्मिता कळलं, फर्स्ट क्लास कळलं. मधी ते ईवन काय? पयल्या आलेल्या नंदकुमारच्या नावाम्होरं बी न्हाई लावलं. मी कान देऊन बसलो हुतो.

गिरजाबाई : कुमारी असंल. पत्रिकेत छापत्यात तसं.

स्मिता : त्याला मिस म्हणतात, आई. आबा, जेवून घ्या ना.

शिवराम : जेवन कुठं पळालंय. सांग की.

स्मिता : ईवन म्हणजे... सम. दोन, चार, सहा, या सम संख्या.

गिरजाबाई : आन् मानसाला लावलं तर?

स्मिता : तर... समान. बरोबरीची.

शिवराम : बरोबरीची? भर सभेत म्हनले? गिरजे, गावाला मला मास्तर उंबऱ्याभायेर बसवायचे. उद्या खाडा करतो कामाला. पेढे घेऊन सरांच्या घरी जातो. म्हनतो, सर, पोरीला तुमी ईवन म्हनलात...

स्मिता : तिथं तो शब्द नका काढू, आबा.

शिवराम : का गं?

स्मिता : मी खोटं सांगितलं. तुमी एवढे खुशीत होता. ईवन म्हणजे सुद्धा. 'स्मितालासुद्धा फर्स्ट क्लास मिळाला', असं म्हणाले ते.

गिरजाबाई : मंग त्यात वाईट काय?

शिवराम : हिला मिळंल असं वाटलं नव्हतं त्यांना.

गिरजाबाई : का नव्हतं वाटलं? रोज जात हुती की शाळंला.

शिवराम : का ते तुला बी ठावं हाय, गिरजे.

स्मिता : पेढे राहू द्या, आबा.

शिवराम : न्हाई. नेनार. शिकवलं त्यांनीच. दारात हुबा ऱ्हाऊन म्हनीन, सर, समद्या वस्तीनं तोंड गोड केलं. तुमीसुद्धा घ्या.

गिरजाबाई : आन् आपल्या हातचा न्हाई घेतला तर?

स्मिता : डबा माझ्या हातात द्या, आबा. मी येते तुमच्यासंगं.