पिठातला भाव

जयलं तेल! तुमाले सांगतो, दिव्यात जयलं तेल! पन्नास पिपे कोरे, सीलबंद होते घरात, आन् दिव्यात घातलं काय, त कढईतलं उरलेलं! सारी खोली कचोरीच्या वासानं भरून राहिली... मी वरडून वरडून सांगतो, "अवो शकुन, नवं तेल घाल!" पन बायको आयकतच नाही. घरात कोनीच आयकत नाही. तुमी तरी आयका.

आता पन्नास पिपे कावून? त्या पुंजाजी बुढ्यापायी! बडनेऱ्याच्या स्टेशनाबाहेर माहं कचोरीचं दुकान, रोजचा एक पिपा तेल. तिकडं खाडीत जहाज अडकलं का इकडं सोयाबीन तेल चढते. टीव्ही लावला त तो टायवाला, "भाव वाढू शकतात, किंवा वाढणारही नाहीत..." अरे, मंग तू कायले बसला तिथं? हे त माही म्हैसही सांगन!

आन् आमचा बुढा? माह्या बाकड्यावर बसे, फुकटचा चहा पिये, झाऱ्यावरचा एक थेंब तयहातावर घेऊन हुंगे आन् मने, "पोयाले पिपा दोन हजार. दसऱ्याले एकवीसशे पन्नास." रुपया इकडचा तिकडं नाही! अकोल्याचे व्यापारी त्याले न्याले गाडी धाडत. त्याले दुसरा शौक एकच, कोनाच्याबी घरी मयत झाली का दिव्याखाली पीठ पसराले हाच पयले हजर. पन भाव? बुढा चुकत नाही, बाप्पा!

गनपतीत मी इचारलं, "बुढेबा, दिवाईनंतरचा भाव सांगा." त्यानं थेंब हुंगला. पुन्हा हुंगला. मंग माह्याकडं असं पायलं का आंगावर काटा आला. मने, "दिवाईनंतर तुले पावभर पुरे."

पावभर? रोजचा पिपा लागनारा मानूस मी! घरी येऊन शकुनले इचारलं, "पावभर तेलात काय होते वो?" ती पोया लाटता लाटता मने, "काय होते? मेल्या मानसाचा दिवा होते, तेरवीपर्यंत..." आन् तिचं लाटनं थांबलं. मी चुलीपाशी उभा, तरी मले थंडी वाजली. भेलो, खरं सांगतो, भल्ला भेलो.

भेलेला मानूस काय करते? डॉक्टरकडं जाते. मी सीधा अकोल्याले गेलो आन् पन्नास पिपे तेल आनलं! मनलं, घरात इतकं तेल असल्यावर पावभर पुरन कसं? पायतोच आता! एका पिप्याले हात लावू नाही देल्ला कोनाले.

बुढा चुकत नाही, बाप्पा! भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, झारा हातातच, आन् मी कढईबाजूले आडवा. तवापासून माहं कोनी आयकत नाही... समजलं ना, कावून ते?

पन मेल्यावर एक झालं. पुढचे भाव दिसाले लागले! पाटीवर लिहिल्यासारखे सामने! आज बावीसशे, संक्रांतीले एकतीसशे! आन् शकुन त पिपे इकाले निघाली. तिच्यापाशी आता तेवढंच हाय वो... सांगू कसं तिले? तेवढ्यात नवव्या दिवशी बुढा आला, दिव्याखाली पीठ पसरलं, वर टोपलं झाकलं. सकाई पाऊल पायतात ना, मेलेला कोन्त्या जल्माले गेला ते! मनलं, जमलं! आता आंगच नाही त जोर कुठून आनू, पन आनला, आन् पिठात बोटानं लिहिलं, "संक्रांत ३१००."

सकाई टोपलं उचललं. शकुन वाकली, डोये भरून आले तिचे. मले वाटलं, वाचलं! त मनते, "मांजरीचे पाय दिसून राहिले वो..." अवो, ते शून्य होयेत, शून्य!

मंग बुढा वाकला. ओठ हालवत हालवत सारं वाचलं. मान वर केली, आन् पायलं... सीधं माह्या डोयात! हसला. तयहातानं पीठ सारखं केलं आन् मने, "मांजरच हाय, पोरी. शांत हाय."

आता समजलं! बुढा चुकन कसा? घरोघरी पीठ पसरनारा तो, आन् भाव लिहून देनारे आमी मेलेले!

"पोरी," मने, "एवढं तेल कायले सांभायतं? बावीसशेनं मी नेतो सारं. दिव्यापुरतं पावभर कढईत हायेच ना."

आताच टेम्पो गेला. शकुन उंबऱ्यापाशी बसली हाय, वाटीभर दूध ठेवून, अंधारात पाहून मनते, "या जी..." लय जीव तुटते वो तिच्यासाठी. जितेपनी मी दुधाले कधी तोंड लावलं नाही, मले त कडक चहा लागे. पन आता तिले कोन सांगन? जातो, बाप्पा. पितो.