अडीच फूट खोल टाकी आणि स्वस्तातला दिवा

अरे, टाकी किती खोल आहे ते बघून दिवा घ्यावा, ही अक्कल मला मुलुंडच्या घरी टाकी भरून झाल्यावर आली. समुद्री माशांची टाकी, हौसेने अडीच फूट खोल घेतलेली. तळाशी हिरवं प्रवाळ ठेवलं आणि परवडला तो एलईडी वर लावला. वर झकास उजेड, खाली संध्याकाळ! प्रवाळ म्हणजे जिवंत प्राणी, उजेडावर जगणारा. तो पांढरा पडायला लागला, अंग आखडून बसला.

दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, "एवढ्या खोलीला भारीतलाच दिवा लागतो, साहेब." किंमत ऐकून मी फोनच ठेवला. डोळ्यांदेखत जीव जात होता रे.

आईने विचारलं, "काय झालं?"

"खाली उजेड पोचत नाही, आणि मोठा दिवा परवडत नाही."

"मग त्याला वर घे ना! आपण पापड गच्चीवर नेतो की ऊन घरात आणतो?"

त्याच दुपारी टाकीत दगड रचले आणि प्रवाळ चांगलं वर आणून बसवलं. एकदम झटका नको म्हणून दिवा आधी मंद ठेवला, मग हळूहळू वाढवला.

एका सकाळी मी दात घासत होतो, तेवढ्यात आई ओरडली, "लवकर ये रे, ह्याला हात फुटलेत!" खरंच, बारीक हिरवी बोटं पाण्यात डुलत होती. आम्ही बघत बसलो आणि तिकडे दूध उतू जाऊन ओटाभर पसरलं. आमच्या घरात पहिल्यांदाच त्यावरून कोणी कोणाला बोललं नाही.